धुक्याचं खोरं आणि ठकूचे दोर

फार फार जुनी गोष्ट आहे. एक खोरं होतं, आणि त्यात बाराही महिने धुकं असायचं. या वाडीतून ती वाडी दिसत नसे. शेजारच्या अंगणात कोण उभं आहे, ते खोकल्यावरून ओळखायचं.

खोऱ्याच्या मधोमध एक काळा कडा होता. त्याला गुहेसारखं तोंड होतं. कुणाला काही कळवायचं असलं की सकाळी त्या तोंडाशी जाऊन मोठ्याने सांगायचं. दुपारी कडा ते परत बोलायचा, ज्याचं त्याच्याच आवाजात. सगळ्या वाड्यांतली माणसं पायथ्याशी बसून ऐकत. सोय चांगली होती.

पण हळूहळू कडा बदलला. कुणाचं भांडण, कुणाची फजिती असली की ते तो आधी सांगायचा, आणि तीनतीनदा. साध्या माणसाची साधी खबर मागे पडायची. माणसं मात्र हलत नसत. आता आपल्या माणसाचं येईल, मग येईल, म्हणून तिथेच बसत. घरी गुरं पाण्यावाचून हंबरत.

त्या खोऱ्यात ठकू नावाची बाई अंबाडीच्या वाखाचे दोर वळायची. तिचे म्हातारे वडील लांबच्या वाडीत एकटे राहत. एका दुपारी कडा त्यांच्या आवाजात बोलला, "ठकू, कसाबसा इथवर आलोय. ताप उतरत नाही गं. पाणी द्यायलाही कुणी नाही. ये."

ठकू धावत गेली. दार उघडं होतं. घर रिकामं होतं.

शेजारीण म्हणाली, "बाई, त्यांना जाऊन आठ दिवस झाले. आम्ही कड्याला सांगितलं होतं की!"

ती हाक ऐकून पायथ्याशी लोक फार रडले होते. म्हणून दुसऱ्या दिवशी कड्याने तीच हाक पुन्हा ऐकवली. तिसऱ्या दिवशीही ऐकवली.

ठकूने कानांवर हात ठेवले, आणि घरी येऊन ती दोर वळायला बसली. वर्षभर वळत होती. मग तिने वाड्यावाड्यांतून खांब रोवले आणि त्यांवरून दोर नेले. ज्याला काही कळवायचं आहे, त्याच्या दारातून त्याचा एक दोर निघायचा. ज्याला त्याची खबर हवी आहे, त्याने त्या दोराला आपला फाटा जोडायचा आणि आपल्या दारात गुरांच्या गळ्यातली लाकडी घंटा टांगायची. एक ओढ म्हणजे सगळं ठीक. दोन म्हणजे भेटायला या. तीन म्हणजे असाल तिथून निघा. नको झालं तर आपला फाटा सोडून टाकायचा. मध्ये कुणीही नाही.

लोक बघायला आले आणि हसले.

"एवढ्या गाठी कोण मारणार?" एकजण म्हणाला. "कड्याजवळ नुसतं बसलं की झालं."

काहींनी दोर नेला, पण ओढायचं विसरले. काहींनी वीस-वीस दोरांना फाटे जोडले, आणि दिवसभर वाजतंय म्हणून घंटेत चिंध्या कोंबल्या.

ठकूची धाकटी बहीण गोदा तर रोज कड्यापाशी असायची. ठकू तिला म्हणाली, "गोदे, माझ्या दोराचा एक तरी फाटा बांध गं."

"अक्का, तुझा दोर खाटखुट वाजतो नुसता," गोदा म्हणाली. "तू हल्ली तिथे येत नाहीस, तरी कडा तुझ्या आवाजात बोलतो. त्या आवाजात मला जास्त माया वाटते, खरं सांगू?"

कड्याच्या वरच्या डोंगरावर बिरू नावाचा धनगर मेंढ्या राखायचा. त्याचा एक दोर खाली आला होता. त्याला फक्त चार घरांनी फाटे जोडले होते, त्यांत ठकूचं एक.

एका सकाळी त्या चार घरांत घंटा वाजली. एकदा. दोनदा. तीनदा. ठकू बाहेर आली तेव्हा पायांखालची माती हलकेच थरथरत होती.

बाकीची तिन्ही घरं मुलंबाळं घेऊन समोरच्या चढाला लागली. ठकू मात्र कड्याकडे धावली. पायथ्याशी शेकडो माणसं धुक्यात बसली होती. त्यांच्या पाठीच तेवढ्या दिसत होत्या.

"उठा!" ती ओरडली. "डोंगर खाली येतोय! बिरूने तीन ओढी दिल्यात. उठा!"

कुणी मान वळवण्याआधीच कडा बोलला. ठकूच्याच आवाजात, पण कितीतरी गोड.

"बसा रे बसा. मी आपलं उगाच म्हटलं. काही होत नाही."

लोक हसले. "अगं बाई, तूच सांगतेयस की काही होत नाही! आता कुठल्या ठकूचं ऐकायचं?"

ठकूने बहिणीचा हात धरला. "गोदे, ही मी आहे. चल."

गोदाने तिच्याकडे निरखून पाहिलं. मग कड्याकडे पाहिलं. मग हळूच हात सोडवून घेत तिने विचारलं, "तुम्ही कोण?"

वरून दगड सुटू लागले. ठकूने तिला दोन्ही हातांनी ओढलं, पण गोदा जागची हलली नाही. तिचे कान कड्याकडे होते. शेवटी ठकू रडत एकटीच पळाली. ती चढावर पोचते न पोचते, तोच मागे मोठा आवाज झाला, आणि मग काहीच आवाज उरला नाही.

दरडीखाली कडाही गेला आणि पायथाही.

जी माणसं त्या दिवशी घरी राहिली होती, ती पंधरा दिवसांनी ठकूच्या दारात उभी राहिली. म्हणाली, "ठकूबाई, आम्हालाही दोर दे."

"देते," ठकू म्हणाली. "सांगा, कुणाच्या दारापर्यंत नेऊ? कुणाची खबर हवी?"

माणसं एकमेकांकडे पाहू लागली. कड्याने जे ऐकवलं ते इतकी वर्षं ऐकून, आपल्याला कुणाचं ऐकायचं आहे हेच त्यांना आठवेना. एक म्हातारा ओठ हलवत, बोटांवर मोजत, नाव शोधत धुक्यात उभाच राहिला. त्याला एकही नाव सापडलं नाही.

बाळांनो, आणि बाळांच्या आयांनो, ज्याची खबर आपल्याला हवी, त्याच्या दारापर्यंत आपला धागा आपणच वेळेवर न्यावा. ती निवड दुसऱ्यावर सोडली, की आपलं माणूस समोर उभं असूनही ओळखू येत नाही.