तेलाच्या डब्यातला टोमॅटो

“म्हणजे किल्ली देणार नाही, असंच ना?”

पद्मनाभने हे उभ्यानेच विचारलं. आत्या चुलीपाशी बसून राजमा निवडत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

“फळ धरलं?”

“नाही.”

“मग विचारतोस कशाला?”

आमचा आश्रम हिमालयात, देवदारांच्याही वर. आत्या मूळच्या वाईकडच्या. संन्यास घेऊन इथे आल्या त्याला इतकी वर्षं झाली, की त्यांचं संन्यासाचं नाव आता कुणालाच आठवत नाही. गुरू म्हणून पाया पडणारेही त्यांना आत्याच म्हणतात.

आश्रमाच्या वर, चढणीच्या टोकाला, एक खोली आहे. बर्फ पडलं की तिची वाट बंद होते, ती चैत्रापर्यंत. हिवाळाभर तिथे एकट्याने राहायचं, ही इथली सगळ्यांत कठीण साधना. तिची किल्ली आत्यांच्या कमरेला असते.

पद्मनाभला ती किल्ली हवी होती. कारण विचारलंत तर तो ‘एकांत’ म्हणेल. खरं कारण मी. मी घोरतो, आणि जागा असलो की बोलतो. आम्ही दोघं एकाच खोलीत राहत होतो.

तो वेगळा जेवायचा, वेगळा बसायचा. मी चुकून खांद्यावर हात ठेवला तर अंग चोरायचा. आपलं मन कशातच अडकलेलं नाही, असं तो शांतपणे सांगायचा, आणि जरा जास्तच वेळा सांगायचा.

बर्फ वितळताना त्याने पहिल्यांदा किल्ली मागितली, तेव्हा आत्यांनी त्याच्यापुढे तेलाचा एक रिकामा डबा ठेवला. हातात टोमॅटोचं वीतभर रोप दिलं.

“ह्याला एक फळ धरू दे. धरलं की किल्ली ने.”

“एवढंच?” पद्मनाभ हसला होता.

ज्याने जन्मात कोथिंबीर लावली नाही, त्याला काय ठाऊक? त्याने डब्याच्या बुडाला भोकंच पाडली नाहीत. पाणी साचलं, रोप सडलं. दुसरं रोप दुपारचं छान ऊन पाहून बाहेर ठेवलं, आणि रात्रीच्या थंडीने ते सकाळी काळं पडलं. आत्यांनी न बोलता तिसरं दिलं.

ते मात्र त्याने काचेच्या पडवीत नेलं. दिवसभर तिथे ऊन असतं. त्याने फटींमध्ये चिंध्या कोंबल्या, दाराला कडी लावली, आणि आत कुणी यायचं नाही असं मला तोंडावर सांगितलं. झाड त्याच्या छातीपर्यंत वाढलं. आपली छाटी फाडून त्या पट्ट्यांनी त्याने ते काठीला बांधलं. तळहातावरच्या फोडासारखं जपलं म्हणा ना.

फुलं आली, घोसच्या घोस. आणि एकूण एक फूल देठाशी वाळून गळलं.

स्वयंपाकघराच्या भिंतीला माझेही डबे होते. सकाळी बाहेर, संध्याकाळी आत, अशी माझी आदळआपट चालायची. त्यातल्या किडमिड्या झाडांना मात्र लिंबाएवढे टोमॅटो धरले होते. असं का, हे मलाही कळत नव्हतं. आणि मला विचारायला तो येणार नव्हता.

आता आभाळ राखेसारखं झालं होतं. मेंढपाळ कळप घेऊन खाली उतरून गेले होते. आज ना उद्या बर्फ पडणार, हे सांगायला जाणकार लागत नव्हता.

“उद्या वाट राहणार नाही, आत्या.”

“दिसतंय मला.”

“सगळा उन्हाळा मी त्या झाडापाशी काढला. माझं काय चुकलं ते तरी सांगा.”

“मला काय विचारतोस? झाडाला विचार.”

“थट्टा करू नका.” त्याचा आवाज चिरकला. “सदानंदला दिलीत ना किल्ली? मग मलाच का...”

आत्यांचा हात सुपात थांबला.

ते नाव आमच्यात कुणी घेत नाही. सदानंद दोन हिवाळ्यांपूर्वी वर गेला. बर्फ वितळल्यावर आम्ही त्याला खांद्यावरून खाली आणलं. त्यातला एक खांदा माझा होता. तेव्हापासून मला त्या वाटेकडे पाहवत नाही. म्हणून सांगतो, पद्मनाभशी माझं एक दिवसही पटलं नाही, तरी त्याने वर जाऊ नये असंच मला वाटत होतं. मला भीती वाटत होती.

आत्यांनी सूप बाजूला सारलं. काठी घेतली.

“चल. झाड दाखव.”

मीही मागोमाग गेलो. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण मला कुणी बोलवायची वाट मी कधीच पाहत नाही.

पद्मनाभने कडी काढली. अंग चोरून आत शिरला.

“हळू,” तो म्हणाला. गुरूला!

आत ऊब होती, आणि टोमॅटोच्या पानांचा उग्र वास. शेंड्याशी शेवटचा घोस फुलला होता, पिवळाधमक.

“इथे वारा येत नाही?” आत्यांनी विचारलं.

“येऊच देत नाही.”

“कुणी माणूस?”

“कुणीच नाही.”

“वा,” आत्या म्हणाल्या.

आणि त्यांनी हातातली काठी उचलून झाडाच्या आधाराला सण्णकन हाणली.

झाड बुडापासून शेंड्यापर्यंत हादरलं. दोन पानं गळली.

“आत्या!”

त्यांनी दुसरा तडाखा दिला. एक फूल खाली पडलं.

तिसरा बसलाच नाही. पद्मनाभने त्यांचं मनगट पकडलं होतं.

“हात लावू नका त्याला!” तो ओरडला. “खबरदार!”

त्याचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. डोळ्यांत पाणी होतं, आणि मूठ इतकी आवळलेली की बोटांची पेरं पांढरी पडली होती. गुरूचा हात असा पकडलेला! काठी फरशीवर पडून घरंगळत भिंतीला जाऊन लागली.



“सोड,” आत्या हळूच म्हणाल्या.

आपण काय धरलंय, ते त्याला तेव्हा कळलं. चटका बसावा तसा त्याने हात मागे घेतला. मग मटकन खालीच बसला.

आत्या झाडाजवळ वाकल्या. खाली पडलेलं फूल त्यांनी उचललं.

“टोमॅटोच्या फुलात सगळं असतं. दुसऱ्या फुलाची गरज नाही त्याला. पण हलल्याशिवाय आतली परागांची भुकटी सुटत नाही. वाऱ्याने हलावं, माशीने हलवावं. नाहीतर कुणीतरी धक्का द्यावा लागतो.”

पद्मनाभने त्या फुलाकडे पाहिलं.

“हे आधी सांगितलं असतंत तर...”

“आजपर्यंत विचारलं होतंस कुणाला?”

बाहेर काचेवर वारा घासत होता.

“सदानंदचं विचारलंस ना मघाशी?” आत्या म्हणाल्या. “त्याच्या झाडाला फळ धरलं होतं. चांगलं मुठीएवढं. किल्ली द्यायच्या दिवशी मी ते त्याच्यादेखत तोडलं आणि बकरीपुढे टाकलं. परीक्षा म्हणून.”

“मग?”

“हसला तो. म्हणाला, ‘जशी इच्छा.’ मला वाटलं, काय हा विरक्त मुलगा! कौतुकाने दिली मी त्याला किल्ली.”

त्या थांबल्या. त्यांनी मनगटाने डोळे पुसले. आत्यांना असं पाहायची मला सवय नाही, मी मान खाली घातली.

“चैत्रात दार उघडलं, तर लाकडं कोपऱ्यात रचलेली होती तशीच. पीठ, तूप, सगळं होतं. एकदासुद्धा चूल पेटवली नव्हती त्याने... स्वतःचा जीवसुद्धा धरून ठेवावासा वाटला नाही त्याला.”



मग पद्मनाभ उठला. त्याने हात जोडले, पण पाया पडायला पुढे यायचं त्याला धाडस झालं नाही.

“मी सगळ्यांना सांगत फिरलो, की मी कशात अडकलेला नाही. आणि एका टोमॅटोपायी तुमच्या अंगावर धावून आलो. माझ्याइतका नालायक इथे कुणी नसेल. वाट आहे तोवर मी खाली निघून जातो, आत्या. किल्ली मागायला आता तोंड नाही मला.”

आत्यांनी कमरेची किल्ली सोडली आणि त्याच्यापुढे केली.

“घे.”

तो दोन पावलं मागे सरकला.

“कशी घेऊ? तुमची अट होती. फळ कुठे धरलंय?”

आत्यांनी उजव्या हाताची बाही मागे सारली. मनगटावर त्याची चार बोटं लालभडक उमटली होती. तो हात त्यांनी त्याच्या डोळ्यांसमोर नेला.

“हे काय... धरलं की.”