कातरोबाचा पहारा

त्या नगरात बाहेरून आलेल्या धाग्याला जगायचा हक्क नव्हता.

भिंत कशी लिंपायची, अन्न कसं मुरवायचं, हे नगराचं सगळं शहाणपण एका लांबलचक धाग्यात विणलेलं होतं. तो आपला आहे हे कळावं म्हणून गोंदाई नावाची म्हातारी त्यावर जागोजागी निळी टिकली गोंदायची. टिकली नसलेला धागा दिसला की पहारेकरी कातरोबा तो कापून टाकायचा. वीण वाचून बघायची पद्धतच नव्हती. कातरोबाला वाचता येत नव्हतं, आणि चीड आणणारी गोष्ट म्हणजे त्याला त्याचाच अभिमान होता.

बाहेर लुटारूंनी धुमाकूळ घातला होता. लुटारू म्हणजेही एक धागाच. आत शिरला की नगराच्याच विणकरांकडून आपल्यासारखे शेकडो धागे विणून घ्यायचा आणि भिंत फोडून निघून जायचा. शेजारच्या नगराला त्याला रोखायची युक्ती सापडली होती. ती एका छोट्या वेटोळ्यात विणून त्यांनी भिंतीच्या फटीतून आत सरकवली. गोंदाईने वीण वाचली आणि घाईघाईने सुई उचलली, तोवर कातरोबा आलाच.

"अरे थांब! आपला जीव राखायला आलंय ते. आधी समजून तरी घे!"

"टिकली आहे का? नाही ना? मग झालं तर."

वेटोळ्याचे तुकडे झाडून टाकले. नगराने कातरोबाचा सत्कारही केला!

पुढे या नगराच्या लेकीचं, म्हणजे त्याच्यातूनच निघणारं नवं नगर वसवायचं ठरलं. तिच्यासाठी त्याच शहाणपणाचा नवा धागा विणला जाऊ लागला आणि गोंदाई मान खाली घालून गोंदायला बसली. लुटारू शिरला तो नेमका त्याच गडबडीत. हाताखाली आधी लुटारूचाच धागा आला आणि त्यावर तिने सवयीने टिकल्या उठवल्या. कातरोबाने त्या पाहिल्या आणि तो अदबीने बाजूला झाला.

विणकर लुटारूचे धागे विणत राहिले, गोंदाई गोंदत राहिली. शाई संपली तेव्हा कुठे तिने मान वर केली आणि वीण निरखून पाहिली.

"कातरोबा, लुटारू आहेत रे हे! काप!"

"टिकली आहे, आई. आपलेच आहेत."

भिंत फुगत चालली होती. कातरोबा मात्र नेमाने फेऱ्या घालत होता. कोपऱ्यात लेकीचा धागा त्याला दिसला. नवाकोरा, शाई लुटारूंवरच संपल्याने एकही टिकली नसलेला. गोंदाई त्याच्यावर आडवी पडली. कातरोबाने तिला हलक्या हाताने बाजूला केलं आणि कातर उघडली.