तिसऱ्या गाण्याची झील

"...मग धरणार का झील, वस्ताद?"

नंदननं हे तिसऱ्यांदा विचारलं.

वस्तादांच्या एका कानात इअरफोनचं बोंडूक होतं. दुसरं त्यांनी सदऱ्याच्या खिशात टाकलं होतं, तंबाखूच्या डबीला सोबत म्हणून.

"दोन्ही कानांत घालायचं असतं ते."

"एक कान मोकळा लागतो मला."

"कशाला?"

"कोण आलं, कोण गेलं, कळाय नको?"

आता हा नंदन कोण, ते ज्यांच्या घरी कॉलेजात जाणारी पोरगी आहे त्यांना सांगायला नको. तिच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला असेल, हळूच जाऊन बघा. बाकीच्या सज्जनांसाठी सांगायचं तर, पोस्टरवर नंदन, शाळेच्या दाखल्यावर अभिनंदन भूपाल मगदूम, आणि पिराच्या माळावर नुसता नंदू. 'गलका' नावाच्या ग्रुपचा गाणारा. चार पोरांचा ग्रुप होता. दोघं वाजवायचे, दोघं गायचे. पुढं नंदन, मागच्या सुरात तौफिक.

तौफिक जानेवारीत गेला. सव्वीस वर्षांचा होता.

तो वस्तादांचा नातू.

आणि वस्ताद म्हणजे अमीन शिकलगार. माळावरच्या दर्ग्यामागं दोन खोल्यांत राहायचे. सकाळी अंगण झाडायचे, संध्याकाळी दिवा लावायचे. येणारेजाणारे त्यांना फकीर समजून पाया पडत. वस्ताद पडू देत. तेवढीच लोकांची कंबर मोकळी होते, म्हणायचे.

त्याआधी चाळीस वर्षं त्यांनी एका शाहिरामागं झील धरली होती. शाहीर पुढं उभा राहून पोवाडा म्हणतो. नाव त्याचं होतं, फेटा त्याला मिळतो. मागं दोघंतिघं कानाला हात लावून 'जी जी' करतात, ते झीलकरी. बघणाऱ्याला वाटतं, ही माणसं नुसती माना डोलवायला आणलीत. पण ओळीच्या शेवटी शाहिराचा दम संपतो. त्याला श्वास घ्यायचा असतो आणि ते लोकांना कळू द्यायचं नसतं. तेवढ्यात मागच्यानं ओळीचं शेपूट उचलायचं, आणि शाहीर पुन्हा तयार होईपर्यंत हवेत धरून ठेवायचं. हे इतकं बेमालूम करायचं, की फेटा शाहिरालाच मिळावा.

नंदू आणि तौफिक, दोघांना वस्तादांनी एवढंच शिकवलं. तौफिकला लहानपणापासून दमा. लांब ओळ त्याला झेपायची नाही. नंदूची ओळ लांब, पण शेवटी गुडघे टेकायची. मग हा थकला की त्यानं उचलायचं, तो थकला की ह्यानं. दोन अर्ध्या पोरांचा मिळून एक गवई केला. 'गलका'ची गाणी ऐकून लोक विचारायचे, ही पोरं श्वास घेतात तरी कधी?

वस्तादांच्या घराण्याला एकच नियम होता. घराणं कसलं, दोन खोल्या आणि एक तुणतुणं. पण नियम होता. शागीर्द पहिल्यांदा एकट्यानं गाणार असेल, तर आधी वस्तादांना ऐकवायचं. वस्तादांनी मागं उभं राहून एकदा झील धरली, की माणूस मोकळा. नाही धरली, तर एकट्यानं तोंड उघडायचं नाही.

नंदन त्यासाठी आला होता. शुक्रवारी पुण्यात त्याचा पहिला एकट्याचा अल्बम बाहेर पडणार होता. नऊ गाणी. नाव, 'फक्त मी'. हा नम्रपणाच म्हणायचा. 'मीच मी' ठेवता आलं असतं.

अल्बमच्या पुस्तिकेत पहिल्याच पानावर तौफिकचा फोटो होता. खाली नंदनच्या अक्षरात छापलं होतं: 'तौफिक, तू गेलास आणि मला एकट्यानं गावं लागलं. यातलं प्रत्येक गाणं तू गेल्यानंतरचं आहे.'

त्या ओळी पेपरात आल्या. टीव्हीवर मुलाखत घेणारी बाई त्या वाचताना रडली. मेकअप न हलता रडली, हे विशेष.

पहिलं गाणं झालं होतं.

"गोड हाय," वस्ताद म्हणाले होते.

दुसरं झालं.

"हे तर लय गोड हाय. झाकून ठेव, मुंगळे लागतील."

हसावं की रडावं, नंदनला कळेना. पुण्यात कुणी असं बोललं असतं, तर नंदननं गॉगल लावून उत्तर दिलं असतं. इथं गॉगल गाडीतच ठेवून आला होता.

तिसऱ्या गाण्यावरनं त्यानं अंगठा पुढं सरकवला.

"हे सोडू आपण. कच्चं राहिलंय. कंपनीला आवडलं म्हणून ठेवलं."

मग चौथं. पाचवं. सहावं.

दर्ग्याच्या भिंतीवरचं ऊन खाली सरकत होतं. आतल्या खोलीत तौफिकची आई, रेहाना, भाकरी थापत होती. नंदन आला तेव्हा ती बाहेर आली होती. त्याच्या तोंडावरनं हात फिरवून, "बारीक झालास रं," एवढंच बोलून आत गेली. मगदुमांच्या घरी कांदालसूण चालत नाही आणि दिवस मावळल्यावर जेवत नाहीत. म्हणून नंदू सात वर्षांचा असल्यापासून तिनं त्याच्यासाठी एक पातेलं वेगळं ठेवलं होतं. आज न विचारताच ते चुलीवर चढलं होतं.

नववं गाणं संपलं. मग नंदननं ते तीनदा विचारलं, धरणार का झील म्हणून.

वस्तादांनी बोटांवर मोजून बघितलं.

"आठ झाली. नऊ म्हणालास."

"ते तिसरं राहिलं. म्हटलं ना, कच्चं आहे."

"पिकलेली आठ खाल्ली की. एक कच्चं खाऊन बघू."

"वस्ताद..."

"लाव. आणि मोठ्यानं लाव. ही बोंडी काढून घे, कान खाजतोय."

नंदननं फोन दगडी कट्ट्यावर ठेवला आणि गाणं लावलं.

पहिली ओळ आली. वस्ताद बसूनच होते.

दुसरी आली. वस्तादांनी भिंतीला हात लावला आणि उठायला लागले. गुडघे कुरकुरले. नंदन आधार द्यायला पुढं झाला, तर त्यांनी त्याला परत वळवून होता तिथं उभा केला. स्वतः त्याच्या डाव्या खांद्यामागं गेले. उजवा तळवा कानाला लावला.

गाण्यातली ओळ लांब गेली, शेवटाला आली, सैल पडली...

"जी... जी रं जी..."

आवाज कसला, फुटक्या परातीवर कुणी नखं ओढावीत. पण सुरावरनं रेसभर ढळला नाही. फोनमधला नंदन श्वास घेत होता आणि ऐंशी वर्षांचं म्हातारं त्याचं शेपूट हवेत धरून उभं होतं. पुढची ओळ आली तेव्हा कुठं सोडलं.

आत भाकरीचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

नंदनचे डोळे भरून आले. तो वाकला आणि वस्तादांच्या पायावर डोकं ठेवलं.

"धरली वस्ताद. तुम्ही झील धरली."

"धरली."

"म्हणजे मी मोकळा?"

वस्तादांनी कानावरचा हात खाली घेतला.

नंदन डोळे पुसत उठला आणि पुसतापुसताच त्यानं फोन हातात घेतला. "एकदा परत धराल? व्हिडिओ घेतो. शुक्रवारी पडद्यावर दाखवू. लोक वेडे होतील."

माणूस मोठा कलाकार झाला की रडताना त्याचा एक डोळा कॅमेऱ्याकडं राहतो. त्याला इलाज नाही.

वस्ताद कट्ट्यावर बसले.

"हे कवाचं रं?"

"काय?"

"हे गाणं. कवा म्हटलंस?"

"यंदाचंच. सगळी तौफिक गेल्यावरची आहेत."

"आठ हायत."

"...म्हणजे?"

"आठ गाण्यांत तू ओळ संपायच्या आधीच पाय मागं घेतोस. विहिरीच्या काठाला भ्यालेल्या पोरागत. मागं कुणी न्हाई, हे तुझ्या नरड्याला ठावं हाय." वस्तादांनी फोनकडं बोट केलं. "ह्यात न्हाई घेतलास. ह्यात शेपूट खुशाल सोडून दिलंस. मागचा उचलंल म्हणून."

"सवय असेल. जुनी सवय, वस्ताद."

"मग आठांत कुठं गेली?"

नंदननं फोन ह्या हातातनं त्या हातात घेतला.

"सवय मोडाय माणूस जावा लागतो, नंदू. हे गाणं म्हणताना आमचं पोरगं जितं होतं."

...

जानेवारीत एका कॉलेजच्या गॅदरिंगला 'गलका'चा कार्यक्रम होता. सकाळी नंदनचा फोन आला, की ताप आहे, घसा बसलाय, येता येणार नाही. तौफिक म्हणाला, झोप तू, मी बघतो. मग दोघांची गाणी त्यानं एकट्यानं गायली. दोन तास. वर स्टेजवर शोभेला धुराचं मशीन. शेवटचं गाणं झालं आणि तो मागं जाऊन स्पीकरच्या खोक्यावर बसला. दम्याचा पंप खिशात होता. हात खिशापर्यंत गेला नाही.

एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. नंदन त्या दिवशी तापानं पडला होता, हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

"कुठल्या दिवशी म्हटलंस हे गाणं?" वस्तादांनी विचारलं.

नंदननं फोनकडं बघितलं. मग माळाकडं.

"त्याच दिवशी."

"घसा?"

"बरा होता."

"ताप?"

"...नव्हता."

एक कावळा कट्ट्यावर उतरला, दोघांकडं आळीपाळीनं बघितलं आणि काही मिळणार नाही असं समजून निघून गेला.

"स्टुडिओची तारीख मिळाली होती," नंदन म्हणाला. "पुढं तीन महिने मिळत नव्हती. ग्रुप सोडतोय हे त्याला सांगायचं राहिलं होतं. म्हटलं, एक गाणं करून बघू, जमलं तर सांगू. एक दिवसाचा प्रश्न आहे. तो निभावेल."

"निभावलं की. दोन तास निभावलं."

नंदन खाली बसला. कट्ट्यावर नाही, जमिनीवर. त्याची विजार पांढरी होती. एरवी त्यानं आधी रुमाल पसरला असता.



"तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं?"

"मला काय ठाऊक असतंय? झाडलोट करणारा माणूस मी."

"मी हे गाणं काढून टाकतो, वस्ताद. आत्ता फोन करतो पुण्याला."

"का?"

"का म्हणजे? हे कसं ठेवू?"

"नवातलं तेवढं एकच जितं हाय."

"आणि बाकीची आठ?"

"ती मयताला चालतील."

नंदननं तोंडावरनं हात फिरवला. काढायला निघालं तर वस्ताद काढू देईनात. ठेवायचं तर ते गाणं उभ्या महाराष्ट्रात वाजणार, लग्नाच्या वरातीत वाजणार, पानाच्या टपरीवर वाजणार, आणि प्रत्येक वेळी त्या सैल सोडलेल्या ओळीपाशी ह्याला ते स्पीकरचं खोकं दिसणार. लोक म्हणणार, वा, काय सोडलीय ओळ.

"तुम्ही झील का धरली मग? ठाऊक असून?"

"ओळ पडाय लागली हुती. पडू कशी द्यायची?"

"मला शिव्या द्या तुम्ही. दोन मुस्काटात द्या."

"हात दुखतोय. मघाशी कानाला लावला तेवढा बास झाला."

नंदन हसला. हसता हसता त्याचा आवाज फुटला, आणि मग हसू कुठं संपलं, कळलं नाही. पोस्टरवरचा चेहरा होता तो. असा वाकडा झालेला कुणी कधी पाहिला नव्हता. पाहिला असता, तर कपाटांची निम्मी दारं मोकळी झाली असती.

वस्ताद थांबले. पोर रडायचं थांबेपर्यंत त्यांनी तंबाखू चोळली, झटकली, आणि न खाताच परत डबीत टाकली.

"पुस्तिकेतल्या त्या ओळी..." नंदन म्हणाला. "छापून झाल्यात. पण मी दुसऱ्या छापून घेईन. तौफिकचं नाव राहू दे, बाकीचं काढतो."

"तुझं पुस्तक. तू बघ."

"शुक्रवारी स्टेजवर सांगतो. सगळ्यांसमोर."

"सांग की. टाळ्या पडतील."

नंदनची मान खाली गेली. वस्तादांनी काही वावगं सांगितलं नव्हतं. खरंच पडल्या असत्या. हल्ली लोक कबुलीला उभं राहून टाळ्या देतात.

आतनं तव्यावरनं भाकरी उतरल्याचा वास आला. मग पातेल्यावरचं झाकण निघाल्याचा आवाज.

नंदन दचकला. आवाज खाली आणून म्हणाला, "चाचींना... तुम्ही सांगणार?"

"मी कशाला सांगू?"

नंदनच्या छातीतनं मोठा श्वास सुटला. त्या दिवसातला पहिला पुरा श्वास. त्यानं डोळे पुसले, विजारीची माती झटकली, फोन खिशात घातला. केस जागेवर आहेत का, तेही एकदा चाचपलं.

"निघतो मग मी, वस्ताद. अंधार पडायच्या आत हायवेला लागलेलं बरं."

"नंदू, ताट वाढलंय..." आतनं रेहानाची हाक आली.

वस्तादांनी त्याचं मनगट धरलं. झील धरताना धरावं तसं, सैल, पण न सुटणारं.

"आत जाऊन जेव. आठ म्हैनं ती मला इचारतीया, नंदूचा त्या दिवशीचा ताप मग उतरला का म्हणून."