गळणारी वीज

“...आणि हे बटण कशाचं गं, कावेरी?”

गफूर उस्तादांनी बोर्डावरच्या एका छोट्या बटणावर बोट ठेवलं. गडहिंग्लज भागात वायरिंगच्या कामात उस्तादांचा शब्द शेवटचा. आणि कावेरी लोहार त्यांची सगळ्यात तयार शागीर्द.

कुठे वीज गळायला लागली, की माणसाला झटका बसायच्या आत घरभरची लाईट तोडतो तो रखवालदार स्विच. तो जागा आहे की नाही, हे बघायचं ते बटण; दाबलं की लाईट जायलाच हवी. उस्तादांनीच शिकवलेलं.

“टेस्टचं,” कावेरी म्हणाली. “पण ते राहू द्या. आधी घर तर बघा, उस्ताद!”

घर होतंच बघण्यासारखं. साळोख्यांची वास्तुशांत. दिवेलागण झालेली, खोल्या पाहुण्यांनी भरलेल्या, आणि अख्ख्या घरात एक वायर उघडी दिसेल तर शपथ. सगळं काम कावेरीनं एकटीनं केलेलं.

“पोरीच्या हातचं वायरिंग?” असं म्हणून नाक मुरडणारे साळोख्यांचे आबा आज दारात उभे राहून येईल त्याला सांगत होते, “आमच्या कावेरीचं काम! दुपारपासून एकदा पापणी लवली नाही लाइटीची!”

ते ऐकताना कावेरीचे पाय जमिनीवर नव्हते.

उस्तादांनी बटण दाबलं.

काहीच झालं नाही. दिवे तसेच झगझगत राहिले.

“बघितलंत?” आबा खूश. “जातच नाही!”

उस्ताद हसले नाहीत. त्यांनी नुसतं कावेरीकडे पाहिलं...

सकाळी तो स्विच सारखा पडत होता. पूजेला बसायची वेळ झालेली, आबा कपाळाला आठ्या घालून मागं उभे. कुठे गळतंय ते शोधायला सवड नव्हती. शेवटी तिनं त्याला वगळून वायरी सरळ जोडून टाकल्या. उद्या सावकाश बघू, असं मनाशी म्हणाली.

“परसदार दाखव,” उस्ताद म्हणाले.

परसात पाण्याची मोटर चालू होती. शेजारीच ओल्या फरशीवर बसून एक बाई भांडी घासत होती.

उस्तादांनी चपला काढल्या. अनवाणी पाण्यात उभे राहिले आणि मोटरकडे हात नेला.

कावेरीनं झडप घालून त्यांचं मनगट धरलं.

“नको!”

“का? तूच जोडलीस ना?”

“कुठेतरी गळतंय, उस्ताद... कुठे ते मला सापडलेलं नाही.”

“हं...”

भांडी घासणाऱ्या बाईनं वर पाहिलं, आणि पुन्हा मान खाली घातली.

“माझा हात धरलास,” उस्ताद हळूच म्हणाले. “हिचा कोण धरणार?”

कावेरी आत गेली आणि तिनं मेन स्विच खाली ओढला.

घर काळोखात बुडालं. ताटं खणखणली, पोरं किंचाळली. “झालं! पोरीचं काम शेवटी!” पाहुण्यांतून कुणीतरी म्हणालं, आणि दोघंतिघं हसली. पण कावेरी थांबली नाही; परत परसात येऊन मोटरपाशी बसली.

“बॅटरी जरा खाली धरा, उस्ताद.”

उस्तादांनी निमूटपणे धरली.

मोटरची जागा ऐन वेळी बदलली होती. वायर कमी पडली म्हणून तिनं तुकडा जोडून वर टेप गुंडाळली होती. तो जोड आता पाण्यात पडला होता. टेप उलगडली, तर आतून पाणी ठिबकलं.

आबा चाचपडत परसात आले.

“कुणी घालवली लाईट?”

“मी.” कावेरी उठून उभी राहिली. पाहुणेही मागोमाग दारात जमले होते. तिनं तो ओला जोड सगळ्यांना दिसेल असा बॅटरीच्या उजेडात धरला. “हे माझंच काम, आबा. चुकलेलं. आता सलग वायर टाकते, रखवालदार स्विच जागेवर जोडते. तोवर मेनला कुणी हात लावायचा नाही.”

“अगं, पण पाहुणे उपाशी...”

“थांबतील.”

दिवसभरात तिचा आवाज इतका खणखणीत लागला नव्हता. ती पुन्हा खाली बसली, पक्कड घेतली, आणि तो जोड तोडून बाजूला फेकला. मान ताठच होती.

आबा उस्तादांकडे वळले. “आता तुम्हीच सांगा. लाईट यायची कधी?”

उस्तादांनी कावेरीकडे पाहत बॅटरी या हातातून त्या हातात घेतली.

“आली की, आबा... आत्ताच.”