साबुदाण्याचा वाफा

एकदा एक म्हातारा माळी होता. लहानपणी ऐकलेले एक हसणे त्याच्या कानांतून कधी गेले नाही. पाच वर्षांचा असताना त्याने उंबऱ्याशी मिठाचा खडा पुरला आणि त्याला पाणी घातले. घरातली मोठी माणसे खो-खो हसली. मीठ का उगवत नाही, हे मात्र कोणी सांगितले नाही.

पुढे तो एका लहान गावच्या शाळेत बाग राखू लागला. तिथल्या तरुण बाई त्याच्याकडून बागकाम शिकत आणि मग पहिलीच्या मुलांना शिकवत. एके दिवशी प्रत्येक मुलाला वीतभर वाफा आखून देऊन बाई म्हणाल्या, "उद्या घरून दाणे आणा."

कोणी मटकी आणली, कोणी हरभरा, कोणी मका. भागू नावाच्या मुलीने आईच्या उपासाच्या डब्यातून मूठभर साबुदाणा आणला. बाईंनी वर्गभर दाणे पेरून घेतले. कोणाच्या मुठीत काय आहे, हे पाहायचे राहून गेले.

आठ दिवसांत सगळे वाफे हिरवे झाले. भागूचा तेवढा काळाच राहिला.

"भागूच्या वाफ्यात खिचडी उगवणार!" पोरे ओरडली.

"उगवेलच मुळी! मोठा दाणा आहे, त्याला वेळ लागतो," भागूने ठणकावले. पण दोन दिवस ती जेवणाच्या डब्याला शिवली नाही, आणि तिसऱ्या दिवशी शाळेतच आली नाही.

त्या संध्याकाळी बाईंनी शेजारच्या वाफ्यातले मटकीचे एक रोप अलगद काढून भागूच्या वाफ्यात लावले आणि तिच्या घरी निरोप धाडला, "तुझ्या वाफ्यात कोंब आलाय."

सकाळी म्हातारा आला. रोपाने मान टाकली होती आणि भोवतालच्या मातीत मोठ्या माणसाचा अंगठा उमटला होता. त्याने रोप मुळासकट उचलले, शेजारच्या वाफ्यात पुन्हा मूळच्या जागी लावले आणि ओंजळीने पाणी घातले.

बाई धावत आल्या. "बाबा, हे काय केलंत? पोर आता येईल. रिकामा वाफा पाहिला तर पुन्हा शाळेचं तोंड बघायची नाही!"

म्हातारा सावकाश खाली बसला. "बाई, आज ती हसली असती. उद्या तिनं अंगणात साबुदाणा पेरला असता. तिथं संध्याकाळी रोप लावायला कोण जाणार? मग तिला वाटलं असतं, आपला हातच वाईट. माती लेकराशी खोटं बोलत नाही; तिच्या नावानं आपण कशाला बोलायचं? पोरीला हसू नये, हे खरं. पण फसवूही नये. आणि एक विचारू? तुम्ही 'बी आणा' म्हणाला होतात, की 'दाणे आणा'?"

"दाणे," बाई म्हणाल्या.

तेवढ्यात भागू धापा टाकत आली. ती वाफ्यावर वाकली. "कोंब कुठंय?"

बाई मातीत गुडघे टेकून तिच्यासमोर बसल्या. "कोंब आलाच नव्हता, भागू. मी खोटं सांगितलं. आणि त्याआधीची चूकही माझीच. मी दाणे म्हणाले, तू दाणे आणलेस. साबुदाणा म्हणजे बी नव्हे. एका कंदाचा गर काढतात, त्याच्या गोळ्या वळतात."

"म्हणजे माझ्या हातानं मेला नाही?"

"नाही गं. तो कधी जिवंत नव्हताच."

"मग त्याला दाणा का म्हणतात?"

"तसं म्हणायला नको होतं," बाई म्हणाल्या.

म्हाताऱ्याने भिजवलेल्या मटकीची वाटी पुढे केली. भागूने एक बी उचलले, नखाने जरासे दाबले, उन्हाकडे धरून पाहिले. मग दुसरे. चार बिया मुठीत घेऊन ती उठली आणि काही न बोलता आपल्या वाफ्याकडे चालू लागली.