हात सैल सोड

फार पूर्वी, काचेच्या बांगड्या बैलांच्या पाठीवरून गावोगाव जात तेव्हा, एका पेठेच्या गावात एक कासारीण राहत होती. पंचक्रोशीतल्या प्रत्येक नवरीचा हिरवा चुडा तीच भरायची. हात कितीही जाड असो आणि बांगडी कितीही लहान, कासारीण समोर बसायची, मुलीचा तळवा चेपायची आणि म्हणायची, "हात सैल सोड गं. जोर मी लावते." दुसऱ्या क्षणी बांगडी मनगटावर! कासाराच्या घरात बांगडी फुटली असं कुणी म्हणत नाही, वाढली म्हणतात. तर चाळीस वर्षांत चुडा भरताना तिच्या हातून एकही बांगडी वाढली नव्हती.

तिला एक मुलगा, एक सून आणि एक नात. नातीचं लग्न वैशाखात ठरलं, तेव्हा कासारणीने त्याच दिवशी एकवीस बांगड्या निवडून फडक्यात बांधून ठेवल्या. "जगाच्या पोरींचे हात भरले, आता माझ्या पोरीचे भरीन," असं ती येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत सुटली.

आणि संक्रांतीच्या तोंडावर, ऐन धंद्याच्या दिवसांत, तिच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. हात लुळा पडला, पाय उचलेना, जीभ जड झाली.

सून मोठी मायेची होती. ती सासूला आत्याबाई म्हणे आणि आईसारखी मानी. तिने सासूचं तोंड धुतलं, वेणी घातली, घास भरवले. कासारीण डावा हात ताटाकडे न्यायला लागली की सून तो हळूच खाली ठेवायची. "आत्याबाई, हात सैल सोडा. मी आहे ना!"

वाक्य सासूचंच होतं. बांगड्या भरताना शहाणं माणूस कोण, तर हात सैल सोडतं ते. कासारीणही शहाण्यासारखी वागली. उजवा हात गेलाच होता, तिने डावाही सोडून दिला. महिन्याभरात तिला कुशीवर वळायलासुद्धा सून लागू लागली.

एक दिवस मुलगा चाचरत म्हणाला, "आई, चुड्यासाठी पलीकडच्या गावच्या कासाराला सांगून ठेवू का?"

कासारणीने मान भिंतीकडे वळवली. तिला रडू आलं, आणि ते डोळेही सुनेनेच पुसले.

गावाबाहेर नदीकाठी एक धर्मार्थ दवाखाना होता. तिथल्या वैद्यांनी कासारणीच्या घरी एक परिचारिका पाठवली. पहिले आठ दिवस तिने सगळं स्वतः केलं. आजींना कूस बदलून दिली, अंग पुसलं, हातापायांना तेल चोळून सांधे हलवले. सून खूश झाली. नवव्या दिवशी परिचारिकेने दुकानातल्या मूठभर लाल बांगड्या मागून घेतल्या, दोरीत ओवल्या आणि खुंटीला टांगल्या. शेजारी एक रिकामी दोरी बांधली.

"लाल बांगडी म्हणजे आपण आजींसाठी करतो ते एकेक काम," ती सुनेला म्हणाली. "पाणी पाजणं, घास देणं, वेणी घालणं. जे आजी स्वतः करतील त्याची लाल बांगडी काढायची आणि या दोरीत हिरवी घालायची. त्यांना मुळीच जमत नाही ते आपण करू. अर्धं जमतं ते अर्धं करू. आणि जमतं ते करायचं नाही."

"मग मी काय करू?"

"हात पाठीमागे घेऊन बसायचं. त्यालाच जास्त ताकद लागते, बघा." आणि ती स्वतः पाठीमागे हात बांधून भिंतीला टेकून उभी राहिली.

झालं! पाणवठ्यावर बायकांना विषय मिळाला. 'दवाखान्याने हात बांधलेली बाई पाठवली म्हणे! आजारी माणूस धडपडतंय आणि ही आपली बघत उभी!' सुनेच्या कानावर ते जायचं आणि तिचा जीव तीळतीळ तुटायचा.

एकदा दुपारी कासारीण डाव्या हाताने पेज पीत होती. वाटी कलली आणि अर्धी पेज लुगड्यावर सांडली. सून धावली. परिचारिका म्हणाली, "पेज कोमट आहे, भाजणार नाही. जरा थांबा."

"थांबू?" सुनेचा बांध फुटला. "तुमची आई असती तर थांबला असता? माझ्या घरात माझी सासू अशी सांडत-लवंडत जेवणार नाही. चालत्या व्हा!"

"जाते," परिचारिका शांतपणे म्हणाली. "फक्त एकदा आजींना विचारा."

आता गंमत बघा. आजारपणाला दोन महिने होत आले होते, आणि एवढ्या दिवसांत त्या घरात तुला काय जमतं, काय हवं, असं कासारणीला कुणी विचारलंच नव्हतं. खाऊ घातलं, न्हाऊ घातलं, पण विचारलं नाही. सून ओशाळून वळली. "आत्याबाई?"

कासारणीने जड जिभेने शब्द जुळवले. "बस. मी... जेवतेय."

सून मटकन खाली बसली. कासारणीने वाटी पुन्हा उचलली. पेज पार गार झाली, पण तिने ती शेवटच्या घोटापर्यंत स्वतः प्यायली. मग बोटाने खुंटीकडे दाखवलं. सुनेने डोळे पुसत एक लाल बांगडी काढली आणि हिरवी ओवली.

त्या दिवसापासून कासारणीला जोर चढला. ती कुशीवर वळली, उठून बसली. एका हाताने तिने अंबाडा घातला. तो वाकडा झाला, पण कुणाला हात लावू दिला नाही. काठीच्या आधाराने ती उंबऱ्यापर्यंत गेली तेव्हा शेजारच्या बायकाही बघायला आल्या. रोजच्या चोळण्याने उजव्या हाताची बोटंही हलू लागली, तेव्हा त्या हाताच्या सरावासाठी परिचारिकेने एक लाटणं उभं धरलं आणि आजींना त्यावर बांगडी चढवायला सांगितलं. पहिल्या दिवशी चार बांगड्या जमिनीवर पडून वाढल्या. सून तोंडाला पदर लावून बघत राहिली.

"वाढू देत," कासारीण हसली. "दुकान आपलंच आहे."

वैशाख आला. मांडवात पलीकडच्या गावचा कासारही पेटी घेऊन येऊन बसला होता. वेळ पडली तर असावा, म्हणून मुलाने बोलावलं होतं. कासारीण काठी टेकत आली आणि नातीसमोर पाटावर बसली. डाव्या हाताने तिने नातीचा तळवा चेपला, उजव्याने बांगडी धरली. उजवा हात थरथरत होता, पण बांगडी सुटली नाही. एक चढली, दोन चढल्या, वीस चढल्या.

एकविसावी अंगठ्याच्या हाडावर अडली. कासारणीच्या कपाळावर घाम आला. पलीकडच्या कासाराने पेटीवर हात ठेवला. सून अर्धी उठली, आणि तिला खांबाशी परिचारिका दिसली, नेहमीसारखी पाठीमागे हात बांधलेली. सून पुन्हा खाली बसली. तिने आपले दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकमेकांत घट्ट धरून ठेवले.

नातीला आजीची दया आली. मदत करावी म्हणून ती स्वतःच हात आत रेटू लागली. तशी कासारणीने मान वर केली. तिचा आवाज पार मांडवाच्या टोकापर्यंत पोचला.

"पोरी, हात सैल सोड. जोर मी लावते!"

आणि बांगडी सरकन मनगटावर गेली.

वाजंत्री वाजायच्या आधी टाळ्याच वाजल्या. पलीकडच्या कासाराने पेटी मिटली, उठला आणि म्हातारीच्या पाया पडला. नात आजीच्या गळ्यात पडली. सून मात्र तिथेच बसून हसत होती आणि रडतही होती. आपले हात अजून पाठीमागेच आहेत हे ती विसरून गेली होती.

संध्याकाळी परिचारिका निरोप घ्यायला आली. खुंटीवरची एक दोरी हिरवीगार भरली होती. दुसरीवर एकच लाल बांगडी उरली होती, ओट्याच्या पायऱ्या उतरताना हात धरण्याची.

"आजी, ही एक राहिली," परिचारिका म्हणाली.

कासारणीने सुनेकडे पाहिलं आणि मिस्कील हसली. "राहू दे ती. सुनेलाही काही काम नको का?"

तात्पर्य: आजारी माणसाला लागतील तेवढेच हात द्यावेत, आणि त्याचे हात चालू लागले की आपले पाठीमागे घ्यावेत. खरी सेवा माणसाला त्याच्या पायावर पुन्हा उभं करते.