झालरीचं कव्हर

फ्रिजच्या हँडललाही झबलं घालायची पद्धत होती, त्या काळातली ही गोष्ट. वसुधाताईंच्या स्वयंपाकघरात कपडे धुऊन वाळवणारं मशीन आलं. ताईंनी हौसेनं जुन्या नारायणपेठीचं झालरीचं कव्हर शिवून त्याला पाठीपासून पायापर्यंत मढवलं. मशीन हरखून गेलं.

पण आता पाठीच्या जाळीतून गरम हवा बाहेर पडेना. कपडे वाळवताना मशीन तव्यासारखं तापायला लागलं.

"अरे, जरा हलून ते कव्हर पाड," ओट्यावरचा मिक्सर म्हणाला.

"तुला नाही ना शिवलं, म्हणून जळतोयस!"

"जळका वास तुझ्याकडून येतोय, राजा."

दुपारी ताईंचा नवा कुर्ता करपला. "मेलं हे मशीन! उद्याच परत पाठवते," ताई कडाडल्या. जाता जाता झालर मात्र नीट करून गेल्या.

परत जायच्या नुसत्या विचारानं मशीनला कापरं भरलं. संध्याकाळी टॉवेल पिळताना ते असं गदागदा हललं, की कव्हर जमिनीवर आलं. टॉवेल कसे छान, कोमट निघाले!

"बघा, रागावल्यावर कसं सुधारलं!" ताई खूश झाल्या. त्यांनी कव्हर उचललं, झटकलं आणि मोठ्या मायेनं मिक्सरकडे पाहिलं.